बर्फाच्या पेटीचा कारभारी

बू-मिशारीला आयुष्यात एकाच गोष्टीची धास्ती होती. कुणीतरी आपल्याला पाहुणा म्हणेल याची.

आता पाहुण्याला काय कमी असतं? वाळवंटातल्या तंबूत पाहुणा म्हणजे राजा. लोडाला टेकून बसायचं, बकऱ्याचा उत्तम तुकडा आपोआप आपल्या पुढ्यात येऊन पडतो, चहाचा पेला रिकामा झालेला कळतसुद्धा नाही. अट एकच, हात हलवायचा नाही. पाहुणा साधी काडी उचलायला उठला तरी चारी बाजूंनी माणसं धावतात आणि "बसा, बसा, वल्ला, अल्लाची शपथ, बसा" करत त्याला पुन्हा लोडावर दाबतात. अर्धं कुवेत असल्या पाहुणचारासाठी जीव टाकतं. बू-मिशारी मात्र नुसत्या विचारानं लोडापासून दूर सरकायचा.

त्याला कारण होतं. त्याची उभी नोकरी पाणीखात्यात गेली, तीही अशा टेबलावर, की डावीकडून आलेला कागद उजवीकडे सरकवायचा. तो रजेवर असला की कागद आपले आपणच पुढे जायचे आणि कुणाला काही कळायचं नाही. निवृत्त होऊन घरी आला तर घरातही तीच गत. स्वयंपाकाला बाई, गाडी धुवायला माणूस, बाजारहाट मुलगा फोनवरून करणार. त्यानं पाण्याचा जग उचलला की बायको, लुलवा, म्हणायची, "अहो, तुम्ही बसा." दिवा बदलायला शिडी काढली की मुलगा मिशारी, ज्याचा बाप म्हणून हा बू-मिशारी, म्हणायचा, "बाबा, तुम्ही बसा हो." बसून बसून माणसाला मुळं फुटायची वेळ आली होती.

अख्ख्या जगात त्याला बस न म्हणणारी एकच जागा उरली होती. हिवाळा लागला की तो आणि त्याचे दोन जिवलग, बू-जर्राह आणि बू-शमलान, दर गुरुवारी दुपारी मुतलाच्या टेकाडापलीकडे आपल्या तंबूत मुक्कामाला जायचे ते शनिवारी दुपारी परतायचे. तिथे कामं वाटलेली होती. बू-शमलानकडे विस्तव. हा काटकुळा माणूस, निखारे फुंकून फुंकून त्याचे डोळे कायम लाल. बू-जर्राहकडे चूल. देह आडवातिडवा आणि आवाज असा, की त्यानं मीठ मागितलं तरी शेजारच्या तंबूतली माणसं उठून उभी राहायची. आणि बू-मिशारीकडे बर्फाची पेटी. "बू-मिशारी, ताक दे! बू-मिशारी, मटण काढ! अरे बू-मिशारी, मेलास की काय, कोथिंबीर कुठंय?" असा पुकारा दिवसभर चालायचा आणि ह्या शिव्या ऐकताना त्याचा चेहरा न्हाऊन आलेल्या पोरासारखा दिसायचा.

ती पेटी फेब्रुवारीत घात करून गेली. खरं तर पेटीनं नाही, सासूबाईंनी. निघायच्या वेळी त्या चुलीवरून नुकतंच उतरवलेलं हरीसचं पातेलं घेऊन दारात हजर झाल्या. गहू आणि मांस एकत्र घोटलेलं, वर तूप, आणि भांड्यातून अशी वाफ की म्हातारी वाफेच्या मागून बोलत होती. नको म्हणायची सोय नाही. गाडीत पायाशी ठेवावं तर अन्नाला पाय लागणार. मागे ठेवावं तर तिथे सगळ्यांच्या जुन्या चपला. मांडीवर घ्यावं तर गाडी कोण चालवणार? शेवटी त्यानं पेटीचं झाकण उघडलं आणि ते धगधगतं पातेलं मानानं बर्फावर बसवलं.

मुतला यायच्या आत पेटीत तळं झालं. कोंबड्या पोहत होत्या, कोथिंबीर शेवाळासारखी तरंगत होती, आणि हरीस तेवढा नेमका खायच्या बेताला निवला होता. तोच तीन दिवस खाल्ला.

बू-जर्राह कमरेवर हात ठेवून म्हणाला, "झालं. माझ्या जावयाकडे गाडीला जोडायचा विजेचा फ्रिज आहे. बटण दाबलं की गार. पुढच्या खेपेपासून तोच आणू."

"आणि मी?" बू-मिशारीनं विचारलं.

"तू ये की नुसता! आरामात बस. आमचा पाहुणा."

हे बू-जर्राह प्रेमानंच बोलला होता. बू-मिशारीच्या काळजात मात्र कळ उठली. त्यानं दोघांचे हात धरले, दाढ्यांना हात लावला, आणि एका खेपेची भीक मागितली. ठरलं ते असं, की मार्चमधली हंगामाची शेवटची खेप त्याची. शनिवारी दुपारच्या नमाजाला पेटीत बर्फाचा एक खडा जरी शिल्लक असला, तर पेटी त्याची. नसला, तर फ्रिज.

दुसऱ्याच दिवशी तो शुवैखच्या बाजारात गेला आणि तंबूसामानाच्या एका दुकानात जवळजवळ राहायलाच लागला. दुकानातला रिफअत नावाचा इजिप्शियन विक्रेता पहिल्या दिवशी त्याच्यापुढे चहा ठेवत होता, तिसऱ्या दिवशी त्याला बघून गोदामात लपू लागला.

"ही घ्या काका, चाकांची. ओढत न्यायची, हाताला त्रास नाही."

"वाळूत चाकं? ती पेटी नाही राहायची, नांगर होईल."

"मग ही मोठी घ्या. आख्खा बोकड मावतो."

"बोकड एक दिवस मावेल. उरलेले दोन दिवस आत हवा भरलेली असेल. बर्फाला हवा खाऊन टाकते, ठाऊक आहे?"

रिफअतला ठाऊक नव्हतं आणि व्हायची इच्छाही नव्हती. बू-मिशारीनं पेट्यांच्या भिंती बोटांनी चिमटीत धरून पाहिल्या. काळी आणि निळी पेटी बाद केली, कारण ऊन पिते. झाकणात कागदाची पट्टी अडकवून ओढली. सुळकन निघाली की ती पेटी बाद. वर चढून उभा राहिला, कारण तंबूत पेटी ही शेवटी खुर्ची असते. आणि एक जाडजूड पांढरी पेटी ह्या सगळ्या परीक्षांना उतरली तेव्हा गुडघे टेकून त्यानं डोकं आत घातलं आणि आतून फर्मावलं, "झाकण लाव."

"काय काका?"

"झाकण लाव रे! उजेड येतो का बघायचंय. जिथून उजेड येतो तिथूनच गारवा जातो."

रिफअतनं मानेला सांभाळून झाकण टेकवलं, वरून जुनी सतरंजी पांघरली. तेवढ्यात दुकानात शिरलेल्या एका बाईनं पेटीबाहेर पडलेलं ते धड पाहिलं आणि किंकाळी फोडली. माणसं जमली. कुणी म्हणालं मान अडकलीय, कुणी म्हणालं तेल आणा, एकानं पाय धरून ओढायला सुरुवात केली. आतून घुमत घुमत आवाज आला, "अंधार आहे! वल्ला, चांगला अंधार आहे! हीच बांधा!"

रिकामी पेटीसुद्धा दोघांना उचलावी लागली.

मग घराची पाळी आली. लुलवाच्या गोठणपेटीतून सगळे जिन्नस हलवले गेले आणि तिथे केकचे डबे, ईदची परात, नातवाची वाळूत खेळायची बादली, जे जे भांडं मिळेल त्यात पाणी गोठू लागलं. बाजारचा चुरा बर्फ नको, तो पोराटोरांसारखा लगेच रडतो, शिळाच हव्यात, असं त्याचं म्हणणं. निघायच्या आदल्या दिवशी पेटीत बाजारचा बर्फ भरून ठेवला आणि सकाळी तो सगळा बागेत ओतला.

"अहो, हे काय? चांगला बर्फ फेकलात?" लुलवा म्हणाली.

"पेटी गरम असते. आधी ती स्वतः बर्फ खाते. तिला जेवू घातलं."

"पेटीला जेवू घातलंत. माझ्या मटाराचं काय केलंत?"

मटार शिळांच्या फटीत कोंबला होता. फट म्हणजे हवा, हवा म्हणजे शत्रू. तळाला शिळा, त्यावर शनिवारचं दगडासारखं गोठलेलं मटण, मग पुन्हा बर्फ, मग शुक्रवारचं पापलेट हवाबंद डब्यांत, वर गुरुवारच्या रात्रीचं जेवण, कलिंगड, द्राक्षं, दही-ताक, लिंबू, आणि बाटल्यांत गोठवलेलं पाणी खांद्याला खांदा लावून. पिण्याच्या पाण्यासाठी जुनी पेटी वेगळी, कारण तिच्या झाकणाला दिवसभर उसंत नसते. सगळं भरून झाल्यावर त्यानं लुलवाच्या लग्नातली रजई आणून पेटीवर पांघरली.

लुलवा बघत राहिली. "मला बाळंतपणात इतकं जपलं नव्हतंत," ती म्हणाली, आणि रजईचं एक टोक मोकळं राहिलं होतं ते तिनंच खोचलं.

दारात सासूबाई उभ्या होत्या. हातात पातेलं, पातेल्यातून वाफ.

बू-मिशारीनं एक क्षण डोळे मिटले. मग तो दाराच्या पायरीवर बसला, पातेलं पुढ्यात घेतलं आणि जीभ पोळत हरीस खायला लागला. मुलगा, सून, स्वयंपाकीण, गाडी धुणारा माणूस, सगळ्यांना हाका मारून बसवलं. पातेलं चाटूनपुसून स्वच्छ झालं तेव्हाच गाडी हलली. सासूबाईंच्या डोळ्यांत आनंदाश्रू होते. जावयानं असं मनापासून कधी खाल्लं नव्हतं.

तंबूत पोचल्यावर त्यानं पेटी वाळूत न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवली, सावलीत, तीवर ओलं फडकं, आणि त्यावर स्वतः बसला. बसून कायदा वाचून दाखवला. झाकण दिवसातून तीनदा उघडेल. काय हवं ते आधी सांगायचं. उघडं असताना बोलायचं नाही, कारण तोंडाची वाफ आत जाते.

"आणि शिंक आली तर?" बू-शमलाननं विचारलं.

"बाहेर जाऊन ये."

गुरुवार निभावला. शुक्रवारी सकाळी दक्षिणेचा वारा सुटला, तोही तोंड भाजून काढणारा, आणि बू-मिशारी आपला झगा पसरून वाऱ्याच्या बाजूला बसला. बू-जर्राहनं पापलेट मागून घेतलं, तव्यावर टाकलं, उलटलं, आणि मग त्याचा आवाज आभाळाला भिडला.

"लिंबू राहिलं!"

"पुढचं झाकण सूर्यास्ताला," बू-मिशारी म्हणाला.

"अरे, पापलेट तव्यात आहे!"

"मग सकाळी काय मूग गिळून बसला होतास? सांगायचं होतं."

"बिनलिंबाचं पापलेट? त्यापेक्षा मी वाळू खाईन!"

"खा. वाळूला झाकण नाही."

बू-जर्राह पाय आपटत शेजारच्या तंबूत गेला. तिथे हाजी याकूब मुक्कामाला होते, वयानं सगळ्यांहून थोरले, दाढी कापसासारखी. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं त्यांनी जमवलेली आणि उरलेली मोडताना वाचवलेली. थोड्या वेळानं बू-मिशारीनं पाहिलं तर वाळूतून एक मिरवणूक येत होती. सगळ्यांत पुढे हाजी याकूब, अंगावर सोनेरी काठाचा काळा झगा, जो लग्नाला आणि मयताला घालतात तो. मागे बू-जर्राह आणि बू-शमलान, तेही झगे घालून, मान खाली. त्यांच्या मागे शेजारच्या तंबूतले दोघंतिघं, त्यांना काय चाललंय ठाऊक नव्हतं, पण अशी मंडळी निघाली की सोबत जायचं असतं.

आले, पेटीपुढे चटई अंथरून रांगेत बसले. बू-शमलाननं कॉफीची सुरई बू-मिशारीच्या हाताशी ठेवली. दारी मंडळी आली, आता यजमान तो. पेटीवरून उठण्याची सोय नव्हती, म्हणून त्यानं बसल्या बसल्याच डाव्या हातानं ओतलं, उजव्या हातानं पहिला पेला हाजींना दिला.

हाजींनी पेला घेतला आणि तो न पिता समोर वाळूवर ठेवला.

बू-मिशारीच्या पायाखालची वाळू सरकली. वाळूवर ठेवलेल्या त्या पेल्याचा अर्थ ह्या मुलखात शेंबड्या पोरालाही कळतो. मागणं आहे, ते पुरवल्याशिवाय कॉफीला ओठ लागणार नाहीत. आणि कुणाच्या दारी हा पेला तसाच निवला, तर त्या घराण्याची तीन पिढ्या मान खाली.

"लेकरा," हाजी म्हणाले, "आम्ही दुरून आलो आहोत."

ते शेजारच्या तंबूतून आले होते.

"तुझं घराणं मोठं. बाप दिलदार, आजा दिलदार. तुझ्या दारातून कुणी रिकाम्या हातानं गेलं नाही. आमचा हा मुलगा," त्यांनी बू-जर्राहच्या मांडीवर हात ठेवला, "सरळमार्गी आहे, मेहनती आहे, थोडा आरडाओरडा करतो. त्याच्यासाठी आम्ही तुझ्याकडे एक लिंबू मागायला आलो आहोत."

बू-जर्राहनं लाजल्यासारखं केलं. मागे कुणाला तरी हसू आवरेना आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं.

बू-मिशारीनं दोन्ही हात झाकणावर दाबले. झाकण उघडावं तर हा भट्टीतला वारा आत घुसणार, उद्याच्या बर्फाचं पाणी. न उघडावं तर बापजाद्यांची अब्रू वाळूत. पेल्यावरची वाफ विरळ होत चालली होती. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्याच्या खाली ते लिंबू होतं. मग त्याला एकदम सुचलं. त्याच्या स्वतःच्या थोरल्या मुलीला मागणं आलं होतं, तेव्हा असाच पेला ठेवला होता, आणि त्यानं काय म्हटलं होतं ते त्याला आठवलं.

"हाजी, कॉफी प्या," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "लिंबू तुमचं झालं."

"अल्ला तुझं तोंड उजळो!" हाजींनी पेला उचलून एका घोटात संपवला. बू-जर्राह हात पसरून पुढे सरकला.

"थांब," बू-मिशारी म्हणाला. "इतकी कसली घाई? सोयरीक ठरली, लगेच नवरी घेऊन जातोस? माझी मुलगी शब्द दिल्यावर वर्षभरानं सासरी गेली. लिंबू तुझंच आहे, त्याला दुसरीकडे देणार नाही. उद्या दुपारी वऱ्हाड घेऊन ये आणि ने."

मग हाजी याकूब इतके हसले, की दोघांनी त्यांना धरून ठेवलं. डोळे पुसत म्हणाले, "बरोबर बोलला. रीत आहे. मी स्वतः किती ठिकाणी तारीख लांबवलीय." बू-जर्राह बिनलिंबाचं पापलेट खात बसला, आणि प्रत्येक घासाला पेटीकडे बघून तो जे पुटपुटला, ते इथे लिहीत नाही.

हा विजय मोठा होता. बू-मिशारी पेटीवर ताठ बसला आणि पुढच्या मागण्याची वाट पाहू लागला.

ते आलंच नाही. दुपारी रस्त्याच्या कडेला किराणा विकणारी गाडी लागली. बू-शमलान जाऊन थर्माकोलचा एक फडतूस डबा, लिंबं, कांदे, ताक, थंड पाण्याच्या बाटल्या घेऊन आला. बू-जर्राहला कांदा हवा झाला, त्यानं थर्माकोलच्या डब्यात हात घातला. ताक हवं झालं, पुन्हा डब्यात हात. मध्येच एकदा बू-जर्राह सवयीनं ओरडला, "बू-मि..." आणि थांबला. बू-मिशारी अर्धा उठला होता. तो पुन्हा बसला.

आत बर्फ शाबूत होता, पापलेट काढताना बोटांना त्याचा गारवा लागला होता. इतका चांगला बर्फ त्यानं जन्मात राखला नव्हता. आणि त्याला इतकं एकटं पाणीखात्यातही वाटलं नव्हतं.

ऊन कलल्यावर हाजींच्या तंबूत शहरातून नवी माणसं आली होती, ती भेटायला आली. चटईवर बसली, बू-शमलाननं त्यांना डब्यातलं कोमट ताक दिलं. त्यातल्या एकानं पलीकडे पेटीवर एकट्या बसलेल्या माणसाकडे पाहून विचारलं, "ते कोण?"

"ते होय?" बू-जर्राह म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "ते आमचे पाहुणे."

बू-मिशारी ताडकन उठला. रजई एकीकडे भिरकावली, ओलं फडकं दुसरीकडे, आणि दोन्ही कड्या उघडून झाकण असं मागे लोटलं, की ते बिजागऱ्यांवर दणकलं.

"पाहुणा तुझा बाप!" तो ओरडला. "इकडे आण तो पेला! हे काय पाजतोयस माणसांना? ह्याला ताक म्हणतात? हे घ्या, भाऊ, हे प्या. दात शिवशिवले पाहिजेत. कलिंगड कोणाला? अरे बू-शमलान, बघतोयस काय, सुरी आण!"

पुढे जे झालं त्याला धरबंध राहिला नाही. पेटीतून कलिंगड निघालं, द्राक्षं निघाली, दह्याची मडकी निघाली. त्यानं बर्फाची एक शिळा बाहेर काढून कुऱ्हाडीनं फोडली आणि हाजींच्या पाण्यात स्वतःच्या हातानं खडे टाकले. लिंबू रुमालात गुंडाळून बू-जर्राहच्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाला, "सांभाळ. लाडात वाढलंय." बू-जर्राहनं ते पिळलं नाही, तसंच खिशात ठेवलं. वार्ता चार तंबू पलीकडे गेली आणि माणसं नुसतं गार ताक प्यायला वाळू तुडवत आली. "बू-मिशारी, इकडे!" "बू-मिशारी, अजून एक!" झाकण जे उघडलं होतं, ते लावायची आठवण कुणाला झाली नाही, त्याला तर नाहीच.

शनिवारी दुपारी वारा पडला आणि ऊन असं तापलं, की तंबूच्या दोऱ्यांनाही हात लावू नये. नमाजाची वेळ झाली. बू-जर्राहनं बाही दंडापर्यंत वर केली, पेटीत हात घातला आणि तळ चाचपला. ह्या कोपऱ्यात शोधलं, त्या कोपऱ्यात शोधलं. पुन्हा पहिल्या कोपऱ्यात शोधलं. एक खडा सापडावा असं त्यालाच वाटत होतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"पाणी आहे," तो शेवटी म्हणाला.

"हो," बू-मिशारी म्हणाला.

"ठरलं होतं ते ठरलं होतं."

"हो रे. मी कुठे नाही म्हणतोय?"

कालचा बू-मिशारीला पश्चात्ताप नव्हता, पण पुढच्या हिवाळ्यातला तो लोड आणि ती चटई डोळ्यांपुढे येत होती. पेटी रिकामी करून गाडीत चढवायची, म्हणून तो गुडघ्यांवर बसला आणि खालच्या कोपऱ्यातलं पाणी सोडायचं बूच उघडलं. बारीक धार वाळूत पडू लागली.

पलीकडे बू-शमलान वजू करायला, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायला, पाण्याच्या टाकीपाशी गेला होता. टाकी सकाळपासून उन्हात उभी. त्यानं तोटीखाली हात धरला आणि चटका बसून ओरडला. हात झटकत तो जवळच पडणाऱ्या धारेकडे धावला, दोन्ही पंजे तिच्याखाली धरले, आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं ओरडला.

"या अल्ला! काय गार आहे हे!"

त्यानं तोंडावर पाणी मारलं. उभा थरथरला. पुन्हा मारलं. "हाजी! हाजी, इकडे या! बू-मिशारी, बूच लाव, बूच लाव, वाया घालवू नकोस!"

बू-मिशारीनं बूच लावलं. हाजी याकूब आले, बाह्या वर केल्या, वाकले. त्यानं बूच सोडलं. म्हाताऱ्यानं हात धुतले, चूळ भरली, चेहरा धुतला, आणि पाणी मानेवरून उतरलं तसा तोंडातून जो आवाज निघाला, तो एवढ्या थोर माणसाच्या तोंडी कुणी कधी ऐकला नव्हता. त्यांच्या मागे त्यांच्या तंबूतली माणसं. त्यांच्या मागे कालची पाहुणेमंडळी. "बू-मिशारी, सोड!" "बू-मिशारी, पुरे!" "अरे, पायांना राहिलं, अजून थोडं!" बू-मिशारी गुडघ्यांवर बसून प्रत्येकाच्या हाताप्रमाणे धार लहानमोठी करत होता.

शेवटी बू-जर्राह आला. त्यानं सावकाश वजू केली. दाढीतून गार पाणी गळत होतं आणि तो हलत नव्हता.

"बू-शमलान," तो म्हणाला, "जावयाच्या त्या फ्रिजला खाली तोटी असते का रे?"

"फ्रिजला? नाही बुवा."

"मग तो येऊन काय करणार? आम्ही तोंड कशानं धुवायचं, बटणानं?" आणि मग त्यानं आपल्या नेहमीच्या आवाजात, चार तंबू पलीकडे ऐकू जाईल असं सांगितलं, "बू-मिशारी! नोव्हेंबरात पेटी घेऊन ये. दोन शिळा जास्त टाक!"

बू-मिशारीला काहीतरी म्हणायचं होतं. पण दुसऱ्या तंबूतली माणसं बाह्या वर करत रांगेत येऊन उभी राहिली होती, पेटीत पाणी थोडं होतं आणि ते सगळ्यांना पुरवायचं होतं.